दिवाळी ६२, ख्रिसमस ९४ : ऑफिस पार्टीचा खर्च आणि दीडशे पौंडांचा कडेलोट

मृद्गंध | १० नोव्हेंबर २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

प्रश्न यूकेतल्या छोट्या लिमिटेड कंपनीचा आहे. इथे बरेच जण स्वतःची कंपनी चालवतात म्हणून हक्काने विचारतेय.

मिल्टन कीन्समध्ये आमची सॉफ्टवेअर टेस्टिंगची कंपनी आहे. मी आणि नवरा, दोघं डिरेक्टर धरून पगारावर नऊ जण. बाकी सात जणांत एक पोलिश, दोन केरळचे, एक सांगलीचा आणि तिघं इथलेच. गेल्या महिन्यात दिवाळीचा कार्यक्रम केला, दरवर्षी करतो. कम्युनिटी हॉल, केटररचं जेवण, फराळ, पणत्या रंगवणं वगैरे. स्टाफ ९, सात जणांचे नवरे-बायका ७ आणि दोन पोरं, अशी १८ माणसं होती. सगळं मिळून १११६ पौंड झाले, म्हणजे माणशी ६२.

आता १२ डिसेंबरला ख्रिसमस डिनर ठरतंय. स्टाफ ९ अधिक जोडीदार ७, एकूण १६. कोटेशन असं आलंय:

जेवण, व्हॅट धरून ७२ दराने १६ ताटं : ११५२
सर्व्हिस चार्ज १२.५ टक्के : १४४
सगळ्यांना घरी सोडायला टॅक्स्या : २०८
एकूण १५०४, माणशी ९४.

आमच्या अकाउंटंटला विचारलं तर एका ओळीची ईमेल आली, "माणशी १५० पर्यंत चालतं, चिंता नको." आणि साहेब सुट्टीवर गेले. ६२ काय नि ९४ काय, दोन्ही १५० च्या आतच आहेत. मग मी निर्धास्त राहू ना? की काही गोम आहे?

---

बटाटेवडा_लंडन | १० नोव्हेंबर, रात्री १०:०२

गोम एवढीच की आम्हाला बोलावलं नाही.

---

खतावणी | १० नोव्हेंबर, रात्री ११:१५

मृद्गंधताई, गोम आहे आणि चांगली मोठी आहे.

तो १५० चा आकडा एका पार्टीचा नाही, अख्ख्या करवर्षाचा आहे. ६ एप्रिल ते ५ एप्रिल. त्या काळात केलेल्या सगळ्या वार्षिक कार्यक्रमांचा माणशी खर्च मिळून १५० च्या आत बसला तर स्टाफवर कर नाही. तुमचे ६२ अधिक ९४ झाले १५६.

आता बहुतेकांना वाटतं की वरच्या सहा पौंडांवर कर लागेल, लागू दे. तसं नसतं. ही सूट म्हणजे पायरी नाही, कडा आहे. जो कार्यक्रम १५० मध्ये मावत नाही तो पहिल्या पौंडापासून पूर्णच्या पूर्ण करपात्र. तुमच्या बाबतीत दोन्ही एकत्र मावत नाहीत, म्हणून त्यातला एक निवडायचा. ९४ वाला सुटीत बसवला तर दिवाळीचे ६२ च्या ६२ बाहेर पडतात. सहा पौंडांपायी १११६ पौंडांचा कार्यक्रम दरीत.

मी लेस्टरमध्ये तीस वर्षं लोकांच्या वह्या लिहिल्या, आता निवृत्त आहे. ही एक चूक दर जानेवारीत कुणी ना कुणी घेऊन यायचंच.

---

मृद्गंध | १० नोव्हेंबर, रात्री ११:३१

काका!! मग आता? दिवाळी तर होऊन गेली. आणि "करपात्र" म्हणजे नेमकं कुणी भरायचं, आम्ही की स्टाफने?

---

खतावणी | ११ नोव्हेंबर, सकाळी ७:५०

सावकाश सांगतो, कारण इथे तीन वेगळे कर एकमेकांत गुंततात आणि लोक तिन्हींची खिचडी करतात.

पहिला कॉर्पोरेशन टॅक्स, म्हणजे कंपनीच्या नफ्यावरचा कर. स्टाफच्या करमणुकीचा खर्च कंपनीला धंद्याचा खर्च म्हणून वजा करता येतो, आणि याला १५० ची मर्यादाच नाही. माणशी ३०० उडवलेत तरी कंपनीचा खर्च तो खर्चच. जोडीदारांचं जेवणही स्टाफच्या पार्टीचा भाग म्हणून सहसा चालून जातं. चालत नाही ते क्लायंटचं. गिऱ्हाइकाला खाऊ-पिऊ घातलेलं कंपनी करात वजा होत नाही.

दुसरा स्टाफचा इन्कम टॅक्स आणि कंपनीचा नॅशनल इन्शुरन्स (सरकारी सामाजिक विम्याचा हप्ता). १५० चा सगळा खेळ इथे आहे. सूट हुकली की ती पार्टी म्हणजे कर्मचाऱ्याला मिळालेला बेनिफिट. पी११डी, म्हणजे असे बेनिफिट सरकारला कळवायचा फॉर्म भरायचा, तो ६ जुलैपर्यंत द्यायचा. कर्मचाऱ्याने त्याच्या दराने कर भरायचा, जोडीदाराला आणलं असेल तर त्याचेही ६२ त्याच्याच नावावर. म्हणजे २० टक्क्यांवाल्याला जोडीमागे २४ पौंड ८० पेन्स. आणि कंपनीने १११६ वर १५ टक्के नॅशनल इन्शुरन्स भरायचा, १६७.४०. हा दर एप्रिल २०२५ पर्यंत १३.८ होता.

कल्पना करा, तुमच्या पोलिश पोराला पत्र जाणार, "दिवाळीत चकली खाल्लीत, त्याचा कर भरा."

म्हणून बहुतेक मालक पीएसए करतात. पे सेटलमेंट अ‍ॅग्रीमेंट. म्हणजे कर्मचाऱ्याच्या वाटचा करही कंपनीच भरते. पण त्यात गंमत अशी की तुम्ही त्याचा कर भरलात हाही त्याचा फायदाच धरतात, म्हणून रक्कम फुगवून घ्यावी लागते. सगळे २० टक्क्यांवाले धरले तर १११६ वर कर २७९. मग १११६ अधिक २७९, म्हणजे १३९५ वर १५ टक्के इन्शुरन्स, २०९.२५. एकूण ४८८ पौंड २५ पेन्स. आणि हे सहा पौंडांसाठी.

तिसरा व्हॅट, तो संध्याकाळी. आता नातीला शाळेत सोडायचंय.

---

एकटा_जीव | ११ नोव्हेंबर, सकाळी ९:१२

धाग्याबद्दल धन्यवाद, माझाही प्रश्न यातच घुसडतो. मी रेडिंगला काँट्रॅक्टर आहे. स्वतःची लिमिटेड कंपनी, मी एकटाच डिरेक्टर आणि एकटाच कर्मचारी. बायको कंपनीत नाही. मी आणि बायको बाहेर जेवायला गेलो तर ती माझी ऑफिस ख्रिसमस पार्टी होते का? हसू नका.

---

बटाटेवडा_लंडन | ११ नोव्हेंबर, सकाळी ९:१५

हसत नाहीये. फक्त तुमच्या पार्टीतली भाषणं डोळ्यांसमोर आली. "या वर्षीचा उत्कृष्ट कर्मचारी पुरस्कार जातोय..."

---

वीकेंड_शेतकरी | ११ नोव्हेंबर, सकाळी १०:४०

@एकटा_जीव, मी सहा वर्षं हेच करतोय. डिरेक्टर हाही या सुटीपुरता कर्मचारीच. तुमच्या कंपनीत "सर्व कर्मचाऱ्यांना आमंत्रण" म्हणजे तुम्हालाच आमंत्रण. बायको पाहुणी म्हणून आली तर डोकी दोन, म्हणजे दोघांचे मिळून ३०० पर्यंत. पण तो वर्षातला ठरलेला कार्यक्रम असायला हवा. तिच्या वाढदिवसाचं जेवण डिसेंबरात पडतं म्हणून त्याला ख्रिसमस पार्टी म्हणायचं, हे नको. आणि १५० ही तुम्हाला देऊ केलेली रक्कम नाही, जेवढा खरा खर्च झाला तेवढाच. ८० चं जेवण केलं तर ८० च. वरचे ७० खिशात घालायची सोय नाही.

अंब्रेला कंपनीतून, म्हणजे काँट्रॅक्टरांना आपल्या पगारावर ठेवणाऱ्या मधल्या कंपनीतून, काम करत असाल तर विसरा. तिथे मालक ते आहेत, तुम्ही नाही.

---

खतावणी | ११ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:२०

शेतकरी बरोबर सांगताहेत. फक्त एक जोड. एकट्या डिरेक्टरने त्या जेवणावरचा व्हॅट परत मागू नये. केवळ डिरेक्टर किंवा भागीदारांसाठीच्या करमणुकीचा व्हॅट परत मिळत नाही. स्टाफबरोबर डिरेक्टर बसला असेल तर चालतं.

मृद्गंधताई, तुमच्या ११५२ मध्ये व्हॅट १९२ आहे. सोळापैकी नऊ जण स्टाफ, म्हणून नऊ सोळांश, १०८ पौंड परत मागता येतील. जोडीदारांच्या वाट्याचा नाही. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक असेल तर त्यावर व्हॅट नसतोच. तुम्ही फ्लॅट रेट स्कीममध्ये (विक्रीवर ठरावीक टक्क्याने व्हॅट भरायची पद्धत) असाल तर यातलं काहीच परत मिळणार नाही.

आणि लक्षात ठेवा, १५० चा हिशेब व्हॅट धरून करायचा. व्हॅट परत मिळाला म्हणून माणशी खर्च कमी दाखवता येत नाही. टॅक्सी, हॉटेलची खोली, डीजे, फुगे, सगळं त्यात येतं. फक्त जेवणाचं बिल दीडशेशी ताडून पाहणारे पुष्कळ भेटले मला.

---

सायली_हॅरो | ११ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:०५

सोपा उपाय. ख्रिसमस पार्टी जानेवारीत ढकला. स्वस्त पण मिळते.

---

खतावणी | ११ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:१८

स्वस्त मिळेल, पण करवर्ष तेच. ते ५ एप्रिलला संपतं.

---

बटाटेवडा_लंडन | ११ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:२५

मग गुढीपाडव्याला घ्या. कडुनिंब खायला लावला तर खर्चही कमी.

---

सदाशिव_पेठी | ११ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:३३ (मी पुण्यात, इथे मध्यरात्र उलटून गेलीय)

पुढचा पाडवा १९ मार्च २०२६ ला आहे. म्हणजे त्याच करवर्षात. अक्षय्य तृतीया मात्र एप्रिलच्या उत्तरार्धात, ती चालेल. मराठी माणसाने पंचांग हाताशी ठेवावं.

---

खतावणी | ११ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:५०

हा हा. पण मग पुढच्या वर्षीची दिवाळी आणि ख्रिसमस मिळून दीडशेत बसवताना तृतीयेचं जेवणही मोजावं लागेल. ओझं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर.

शिवाय कार्यक्रम "वार्षिक" लागतो. कंपनीला दहा वर्षं झाली म्हणून एकदाच केलेला जल्लोष या सुटीत येत नाही. नव्या ऑफिसची वास्तुशांतही नाही. दरवर्षी सत्यनारायण घालत असाल आणि सगळ्या स्टाफला प्रसादाला बोलावत असाल तर तो येईल. ख्रिसमसच पाहिजे असं कुठेही नाही. उन्हाळ्यातलं बार्बेक्यू चालतं तशी दिवाळीही चालते.

---

सायली_हॅरो | ११ नोव्हेंबर, रात्री ८:१०

आमचं ऑफिस हॅरोला आणि गोदाम ल्यूटनला. फक्त ऑफिसवाल्यांना पार्टी दिली तर?

---

खतावणी | ११ नोव्हेंबर, रात्री ८:३०

एका ठिकाणच्या सगळ्यांसाठी असेल तर चालते. फक्त मॅनेजर लोकांची किंवा फक्त डिरेक्टरांची पार्टी नाही चालत. पण कायद्यात बसतं म्हणून गोदामातल्या पोरांना वगळू नका हो. डिसेंबरात सगळ्यात जास्त राबतात तेच.

---

मृद्गंध | ११ नोव्हेंबर, रात्री ९:२२

नवरा म्हणतोय, दोन क्लायंटना बोलाव, डोकी वाढतील, माणशी खर्च उतरेल. गणितात मी नेहमी त्याच्या पुढे होते, पण तरी विचारते.

---

वीकेंड_शेतकरी | ११ नोव्हेंबर, रात्री ९:४०

डोकं वाढलं की ताटही वाढतं ना ताई. हॉलचं भाडं, डीजे असा ठोक खर्च असेल तरच वाटेकरी वाढवून फायदा. तुमचा जवळजवळ सगळा खर्च ताटागणिक आहे. वर क्लायंटचा वाटा कंपनी करातूनही बाद आणि व्हॅटमधूनही बाद.

तुमच्या कोटेशनात मला एकच जागा दिसते, टॅक्सी. २०८ कशाला?

---

मृद्गंध | ११ नोव्हेंबर, रात्री ९:५५

पिऊन कुणी गाडी चालवू नये म्हणून. पण खरं तर पाच जण चालत जाण्याच्या अंतरावर राहतात, आणि दोघी पीतच नाहीत, त्या इतरांना सोडू शकतात. फक्त बेडफर्ड आणि नॉर्थॅम्प्टनवाल्यांना टॅक्सी दिली तर ६४ मध्ये होईल.

११५२ + १४४ + ६४ = १३६०. भागिले १६, ८५. अधिक ६२... १४७! बसलं!

---

खतावणी | ११ नोव्हेंबर, रात्री १०:०५

बसलं. पण तीन पौंडांच्या फटीत बसलंय. भागाकार बुकिंग केलेल्या माणसांनी होत नाही, हजर राहिलेल्या माणसांनी होतो. आयत्या वेळी कुणी आलं नाही आणि हॉटेलने सोळा ताटांचेच पैसे घेतले, तर छेद कमी होईल.

---

सदाशिव_पेठी | १२ नोव्हेंबर, पहाटे ३:५०

अवांतर, पण तुलना म्हणून. इकडे पुण्यात मी सीए आहे. कंपनीने दिलेली दिवाळी पार्टी स्टाफ वेल्फेअरखाली सरळ खर्चात टाकतो, माणशी हिशेब कुणी विचारत नाही. मात्र जेवणावरच्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही, खाद्यपदार्थ आणि केटरिंग अडवलेल्या यादीत आहे. भेटवस्तू वर्षाला ठरावीक रकमेच्या आत असेल तर कर्मचाऱ्यावर कर नाही, रोख दिली तर आहे.

आमच्याकडेही एकदा तुमच्यासारखी गंमत होती. २००५ ते २००९ या काळात फ्रिंज बेनिफिट टॅक्स, म्हणजे कर्मचाऱ्यांना दिलेल्या सोयींवर कंपनीने भरायचा कर होता, त्यात "सणसमारंभ" असं वेगळं कलमच होतं. खंडेनवमीला मशिनवर वाहिलेल्या झेंडूच्या फुलांचं बिल कुठल्या खात्यात टाकायचं यावर मी एका कारखानदाराशी अर्धा तास वाद घातल्याचं आठवतं.

---

एकटा_जीव | १२ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

मी तरुण आहे म्हणून विचारतो, हा १५० चा आकडा कधीचा?

---

खतावणी | १२ नोव्हेंबर, सकाळी ८:५५

एप्रिल २००३. त्याआधी ७५ होता. ७५ चे १५० झाले तेव्हा आमच्या ऑफिसात लोकांनी खरंच टाळ्या वाजवल्या होत्या. तेव्हा दीडशेत दणदणीत पार्टी व्हायची, बँडसकट. बावीस वर्षांत त्यात पेनीची वाढ नाही. आता लंडनमध्ये बरं जेवण, दोन पेग आणि घरी जायची टॅक्सी म्हटलं की हिशेबाला बसावं लागतं. कायदा तोच, पण न बदलताच वर्षागणिक आखडत चाललाय.

एक मान्य करतो. २०२० मध्ये सगळे घरात अडकले होते तेव्हा एचएमआरसीने (इथल्या कर खात्याने) ऑनलाइन पार्टीलाही ही सूट दिली. आमच्या एका गिऱ्हाइकाने प्रत्येकाच्या घरी बिर्याणी पोचवली आणि लॅपटॉपवर अंताक्षरी घेतली. चाललं.

---

स्लाववाली | १२ नोव्हेंबर, दुपारी १:१५

माझी कंपनी नाही, सेल्फ एम्प्लॉइड आहे. टिफिन सर्व्हिस, हाताखाली दोन बायका पगारावर. त्यांना जेवायला नेलं तर?

---

वीकेंड_शेतकरी | १२ नोव्हेंबर, दुपारी १:४०

त्या दोघींचा खर्च धंद्याचा. तुमच्या स्वतःच्या ताटाचा नाही, कारण तुम्ही स्वतःच्या नोकर नाही. लिमिटेड कंपनी आणि यात हा फरक.

---

स्लाववाली | १२ नोव्हेंबर, दुपारी १:५२

म्हणजे वर्षभर सगळ्यांना जेवू घालते आणि माझंच ताट मोजायचं नाही. कळलं.

---

बटाटेवडा_लंडन | १२ नोव्हेंबर, दुपारी २:०५

मला एक मूलभूत शंका आहे. कंपनीने क्लेम केलं म्हणजे शेवटी सरकारच पार्टी देतं ना? मग एवढा जीव का काढताय?

---

खतावणी | १२ नोव्हेंबर, दुपारी २:४०

हा गैरसमज एवढा पसरलाय की उत्तर देतोच. ताईंच्या १३६० मधून परत मिळणारा व्हॅट १०८ वजा करा, उरले १२५२. नफा पन्नास हजारांच्या आत असेल तर कर १९ टक्के, म्हणजे २३७.८८ कर वाचला. बाकीचे १०१४ पौंड कंपनीच्याच खिशातून गेले. सरकार पार्टी देत नाही. फार तर टिप ठेवतं.

---

सायली_हॅरो | १२ नोव्हेंबर, दुपारी ३:१०

आणि स्टाफला मिठाईचा बॉक्स, गिफ्ट कार्ड वगैरे? तेही १५० मध्ये?

---

खतावणी | १२ नोव्हेंबर, दुपारी ३:३५

नाही, ते खातं वेगळं. ट्रिव्हियल बेनिफिट, म्हणजे किरकोळ भेट, २०१६ पासून कायद्यात आहे. व्हॅट धरून ५० पौंडांपर्यंतची वस्तू, रोख नाही, रोखीत बदलता येईल असं व्हाउचर नाही, करारात लिहिलेली नाही, आणि कामाचं बक्षीस म्हणून नाही. "टार्गेट गाठलं म्हणून" असं कार्डावर लिहिलंत की संपलं. "नाताळच्या शुभेच्छा" लिहा. इथेही कडाच आहे, ५१ ची वस्तू झाली तर ५१ वर कर. छोट्या घरगुती कंपनीच्या डिरेक्टरला वर्षाला एकूण ३०० ची मर्यादा, स्टाफला तशी नाही.

---

मृद्गंध | १२ डिसेंबर २०२५, दुपारी ३:४८

मंडळी, धागा वर काढतेय. इमर्जन्सी. पार्टी आज संध्याकाळी सातला आहे. आमच्या नॉर्थॅम्प्टनच्या जोडप्याचा आत्ता फोन आला, दोघांनाही उलट्या. ते येत नाहीत. हॉटेल म्हणतं, जेवणाची ऑर्डर आठवड्यापूर्वी दिलीत, सोळाचे पैसे लागतील. टॅक्सीवाल्याकडेही आधीच पैसे भरलेत, परत देत नाही.

१३६० भागिले १४ = ९७.१४. अधिक ६२ = १५९.१४. गेलं सगळं.

---

वीकेंड_शेतकरी | १२ डिसेंबर, दुपारी ३:५५

सर्व्हिस चार्ज बहुतेक ठिकाणी ऐच्छिक असतो. न आलेल्या दोन ताटांचा काढायला सांगा, १८ पौंड सुटतील.

---

मृद्गंध | १२ डिसेंबर, दुपारी ४:०१

केलं गणित. तरी ९५.८६ होतात. चौदा माणसांत बसायचं तर एकूण बिल १२३२ च्या वर जाता कामा नये. हॉटेल एवढं सोडणार नाही.

---

खतावणी | १२ डिसेंबर, दुपारी ४:०६

बिल कमी होत नसेल तर माणसं आणा. दोन. ताटांचे पैसे दिलेलेच आहेत, त्यामुळे नवी माणसं आली तरी खर्च वाढत नाही आणि छेद परत सोळा होतो. छेदात हजर असलेले सगळे मोजतात, कर्मचारी असोत वा पाहुणे. स्टाफपैकी कुणाच्या घरचं कुणी आहे का मोकळं?

---

मृद्गंध | १२ डिसेंबर, दुपारी ४:०९

आमच्या सांगलीच्या पोराचे आई-बाबा आलेत नातवाला बघायला!!! पण ते घरी बाळापाशी थांबणार होते.

---

स्लाववाली | १२ डिसेंबर, दुपारी ४:१२

बाळालाही घेऊन या. मग सतरा.

---

मृद्गंध | १३ डिसेंबर २०२५, सकाळी ११:२०

अपडेट देते, कारण विपूत (माझ्या विचारपुशीत) दहा जणांनी विचारलंय.

बाळाला आणलं नाही, शेजारच्या मावशींकडे ठेवलं. काकू "मला त्या हॉटेलात काय कळणार" करत होत्या, पण मी खरं कारण सांगितल्यावर ताडकन उठल्या. "सरकारात पैसे भरायला नकोत ना? चला." काठापदराची साडी, वर लेकाचं हिवाळी जॅकेट. काका सांगलीला सहकारी बँकेत होते, निवृत्त झालेत. त्यांनी आल्या आल्या मला विचारलं, "हजेरीपत्रक केलंय का?"

केलं नव्हतं. त्यांनीच मेन्यूकार्डाच्या मागे सोळा नावं लिहिली, तारीख-वार टाकला, कोण स्टाफ नि कोण पाहुणे तो रकाना आखला आणि प्रत्येकाची सही घेतली. आमच्या पोलिश मुलाला वाटलं हा भारतीय ख्रिसमसचा विधी आहे.

जेवणात नट रोस्ट, भाजलेले बटाटे आणि ब्रसेल्स स्प्राउट्स. काकूंचं मत पडलं, कोबीची पिल्लं चांगली होती, फोडणी घालायला विसरलेत.

तर १३६० भागिले १६, माणशी ८५. अधिक ६२, १४७.

---

खतावणी | १३ डिसेंबर, दुपारी १२:०५

शाब्बास. त्या काकांना माझा नमस्कार सांगा. तो मेन्यू बिलाला टाचून ठेवा, स्कॅनही करा. वर्षा-दोन वर्षांनी कुणी विचारलं तर सोळा आकडा कुठून आला हे दाखवायला त्याच्याइतका चांगला कागद नाही.

एक दुरुस्ती मात्र करा. न आलेल्या जोडप्यातला एक जण तुमचा स्टाफ होता. म्हणजे काल हजर स्टाफ आठ, पाहुणे आठ. व्हॅट आता नऊ सोळांश नाही, निम्मा. १०८ नव्हे, ९६ पौंडच परत मागा.

---

मृद्गंध | १३ डिसेंबर, दुपारी १२:११

बारा पौंड गेले तर गेले. ४८८ वाचले.

आणि अकाउंटंटसाहेब सुट्टीवरून आले. सगळी कहाणी सांगितली तर म्हणाले, "हो, ते वर्षभराचं एकत्र असतं, मी म्हटलं नव्हतं का?"

---

वीकेंड_शेतकरी | १३ डिसेंबर, दुपारी १२:३०

त्या आजारी जोडप्याला काही पाठवलंत का?

---

मृद्गंध | १३ डिसेंबर, दुपारी १२:४४

फळांची टोपली, ३२ पौंड. कार्डावर "लवकर बरे व्हा" एवढंच. कामाचा उल्लेख नाही, काका. शिकले.

---

बटाटेवडा_लंडन | १३ डिसेंबर, दुपारी १:०२

सगळं झालं, पण महत्त्वाचं राहिलं. काकूंच्या क्रॅकरमधून, म्हणजे नाताळात ओढून फोडायच्या त्या कागदी नळीतून, काय निघालं?

---

मृद्गंध | १३ डिसेंबर, दुपारी १:१०

नेलकटर. काकांच्यातून कागदी मुकुट आणि एक विनोद निघाला, तो लेकाने मराठीत समजावून सांगितला. काका हसले नाहीत. मुकुट मात्र घरी पोचेपर्यंत डोक्यावर होता.